फूल की दोन पाने? : गोव्याचा जनमत कौल

वाचकहो, तळकोकणातल्या माणसाला ‘कौल’ या शब्दाचा अर्थ शब्दकोशात पाहावा लागत नाही. गावात काही अडले, कोणाची जमीन, कोणाचे लग्न, कोणाचे दुखणे, की मंडळी देवळात जमतात. बारा-पाचाचे मानकरी बसतात, गुरव गाऱ्हाणे घालतो आणि देवाला कौल लावतो. कुठे फुलाची कळी, कुठे पान, कुठे तांदळाचा दाणा. उजवीकडचे पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. जुनी माणसे यातली एक मेख चांगली ओळखून असतात. देव फक्त विचारल्या प्रश्नाला उत्तर देतो. म्हणून प्रश्न कोणी घालायचा, कोणत्या शब्दांत घालायचा आणि त्या वेळी सभामंडपात कोणी बसायचे, यावर कौल लावण्याआधीच घटकाभर वाद होतो. कौल पडतो क्षणात. प्रश्न ठरायला मात्र सकाळ जाते.

आज मला ज्या कौलाची हकीकत सांगायची आहे तो देवळातला नव्हे, लोकांचा आहे. पण योगायोग असा की, त्यातही एका बाजूला फूल होते आणि दुसऱ्या बाजूला पाने. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्याच्या मतदारांना विचारण्यात आले : तुम्हाला महाराष्ट्रात विलीन व्हायचे आहे, की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे आहे? विलीनीकरण हवे असणाऱ्याने फुलावर शिक्का मारायचा, वेगळे राहायचे असेल त्याने दोन पानांवर. एखादा प्रदेश कोणत्या राज्यात असावा हे ठरविण्यासाठी त्या प्रदेशातल्या प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मतपत्रिका हाती देऊन विचारण्याचा असा प्रसंग स्वतंत्र भारतात फार क्वचित आला आहे.

हा विषय वालावलच्या संदर्भात कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण सांगतो. वालावल हे कर्लीच्या काठचे गाव. लक्ष्मीनारायणाचे देऊळ, त्याच्या कुशीतले तळे, माडांच्या राया आणि दशावतारी खेळांची परंपरा यांमुळे ते पुष्कळांना ठाऊक आहे. गोव्याची हद्द येथून मोटारीने दीडएक तासाची. पण मुख्य गोष्ट वेगळीच. या गावाचे सरकार गेल्या शे-सव्वाशे वर्षांत किती वेळा बदलले ते पाहा. इंग्रजी अमदानीत खाडीच्या पलीकडचा मालवण तालुका खालसा मुलखात होता, म्हणजे थेट इंग्रजांचा. अलीकडचे कुडाळ आणि त्याबरोबर वालावल सावंतवाडी संस्थानात. होडीने पल्याड गेले की राज्य बदलले! १९४८ साली संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि हा भाग रत्नागिरी जिल्ह्यात आला. १९५६ मध्ये गुजराती-मराठी असे मोठे द्वैभाषिक मुंबई राज्य झाले, त्यात वालावल होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यातही होते. १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला. माती तीच, कर्ली तीच, देव तोच. कागदावरचे गावाच्या नावाखालचे शब्द तेवढे बदलत गेले. आणि या साऱ्या बदलांत एकदाही कोणी वालावलच्या माणसापुढे मतपत्रिका ठेवून ‘तुला काय हवे?’ असे विचारले नाही. ‘आमका कोण इचारता?’ हे आपल्याकडचे वाक्य उगाच जन्माला आलेले नाही.

बदल वाईट झाले असे मी म्हणत नाही. संस्थान गेले याचे दुःख करणारे फार थोडे होते, आणि महाराष्ट्र राज्य तर लोकांनी झगडून मिळविले. पण विचारले जाणे आणि चांगले होणे या दोन गोष्टी निराळ्या आहेत. म्हणूनच शेजारच्या घरी माणसांना विचारले गेले तेव्हा काय घडले, ते नीट समजून घेण्याजोगे आहे.

आता गोवा म्हणजे एकजिनसी मुलूख, अशी आपली समजूत असते. तसे नाही. तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी हे तालुके पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतले. त्यांना जुन्या काबिजादी म्हणतात. डिचोली, सत्तरी, पेडणे, फोंडा वगैरे भाग अठराव्या शतकात त्यांच्याकडे गेले. त्या नव्या काबिजादी. यांतली डिचोली, सत्तरी आणि पेडणे तर सावंतवाडीकर भोसल्यांच्या ताब्यातली. पेडणे गेले १७८८ साली. कोल्हापूरकरांशी चाललेल्या भांडणात पोर्तुगीजांची मदत मिळावी म्हणून सावंतवाडीने दिलेली ती किंमत होती. म्हणजे त्या सालापर्यंत कुडाळ आणि पेडणे एकाच धन्याची गावे. पेडण्याचा मनुष्य पुढे पावणेदोनशे वर्षे पोर्तुगीज प्रजा म्हणून राहिला, तरी सोयरीक, देवदेवस्की, नाटके, जत्रा हे सारे तेरेखोलच्या अलीकडल्या माणसांशीच. जुन्या काबिजादींत मात्र साडेचारशे वर्षांच्या अमलाने धर्म, जमिनीची मालकी, शिक्षण, घराची ठेवण, सगळ्यांवर वेगळा ठसा उमटविला. हा फरक लक्षात ठेवा; मतपेटी उघडेल तेव्हा तो पुन्हा भेटणार आहे.

पोर्तुगीज राजवटीत लोकमताला जागा किती होती? १८२२ नंतर गोव्यातून लिस्बनच्या संसदेवर प्रतिनिधी जात असत, हे खरे. पण मत देण्याचा हक्क मूठभरांना. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले तेव्हा हिंदूंनाही बरोबरीचे हक्क मिळाले आणि थोडा मोकळा वारा शिरला. तोही सालाझारच्या हुकूमशाहीने लवकरच कोंडला. वर्तमानपत्रांवर तपासनीस बसला. सभा घ्यायची तर परवानगी हवी. १८ जून १९४६ रोजी मडगावात राममनोहर लोहिया बोलायला उभे राहिले आणि त्यांना धरून नेले, ही घटना एवढी मोठी ठरली, याचे कारण हेच की तिथे चार माणसांपुढे मनातले बोलणेसुद्धा गुन्हा होता. पुढे १५ ऑगस्ट १९५५ ला सरहद्दीवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या. बांद्यापलीकडचे पत्रादेवी हे नाव तेव्हापासून आपल्या भागातल्या घराघरांत माहीत झाले. अखेर १९६१ च्या डिसेंबरात, १८ आणि १९ तारखेला, भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला.

इंग्रजांनी दिल्लीत सत्ता सोपविली तशी पोर्तुगीजांनी पणजीत सोपविली नाही. गव्हर्नराने शरणागती पत्करली, एवढेच. पोर्तुगालने भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते तिथली हुकूमशाही कोसळल्यावर, १९७४ च्या शेवटच्या दिवशी झालेल्या करारात. फ्रेंचांची रीत थोडी वेगळी होती. चंद्रनगरात १९ जून १९४९ रोजी मतदान झाले. भारतात येण्याच्या बाजूने ७,४६३ आणि विरुद्ध ११४. पुदुच्चेरीत १८ ऑक्टोबर १९५४ रोजी १७८ लोकप्रतिनिधी जमले. त्यांतल्या १७० जणांनी भारताच्या बाजूने मत दिले. त्याआधी १९४८ मध्ये जुनागढात लोकांना विचारले होते, तिथे पडलेल्या १,९०,८७० मतांपैकी अवघी ९१ पाकिस्तानला गेली, बाकी सारी भारताला. असे एकतर्फी कौल ऐकायला बरे वाटतात, पण खरे सांगायचे तर त्यांतून शिकण्यासारखे फारसे काही नसते. उत्तर गावात सगळ्यांना आधीच ठाऊक असते.

गोव्यात ‘भारत की पोर्तुगाल’ हा प्रश्न विचारला गेला नाही, आणि विचारावा असे इकडे कोणाला वाटलेही नाही. प्रश्न आला तो पुढचा : भारतात आलो खरे, पण भारताच्या घरात आमची खोली कोणती? पंडित नेहरूंनी सुरुवातीपासून सांगितले होते की, गोव्याचे वेगळेपण तिथल्या लोकांना बदलावेसे वाटेपर्यंत राखले जाईल. १९६२ मध्ये घटनादुरुस्ती होऊन गोवा, दमण आणि दीव मिळून केंद्रशासित प्रदेश झाला. ९ डिसेंबर १९६३ रोजी तिथे विधानसभेसाठी पहिली निवडणूक झाली. साक्षर-निरक्षर, भाटकार-मुंडकार, बाई-पुरुष, सर्वांना सारखे एक मत. दोन वर्षांपूर्वी ज्यांना सभेत बोलता येत नव्हते, त्यांच्या हाती ही वस्तू आली.

निकालाने दिल्लीला आश्चर्य वाटले असणार. स्वातंत्र्याचा लढा चालविणाऱ्या काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. सर्वांत मोठा पक्ष ठरला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. त्याचे नेते दयानंद बांदोडकर, पेडण्यात जन्मलेले, खाणमालक आणि बहुजन समाजाचे पुढारी. ते मुख्यमंत्री झाले. विरोधात बारा जागा घेऊन युनायटेड गोवन्स पक्ष बसला. त्याचे नेते डॉ. जॅक सिकेरा. मगो पक्षाचा जाहीर हेतू गोवा महाराष्ट्रात विलीन करण्याचा, युगो पक्षाचा वेगळे राहण्याचा. बांदोडकर म्हणाले, लोकांनी आम्हाला निवडले, म्हणजे विलीनीकरणाला कौल दिला. १९६५ मध्ये गोवा विधानसभेने तसा ठराव केला आणि महाराष्ट्राच्या विधानसभेनेही केला. म्हैसूर राज्याने याला हरकत घेतली. गोव्यावर त्यांचीही नजर होतीच.

इथे, वाचकहो, थोडे थांबू या, कारण पुढच्या साऱ्या गोष्टीची गाठ इथे आहे. निवडणुकीत मत देणारा मनुष्य एका शिक्क्यात किती गोष्टी सांगत असतो! उमेदवार आपल्या गावचा आहे. भाटकाराच्या जाचातून सुटका करीन म्हणतो. शाळा आणीन म्हणतो. आपल्या जातीचा माणूस खुर्चीवर बसतो आहे. आणि हो, महाराष्ट्रात जाऊ असेही म्हणतो. या सगळ्याची मोळी बांधून तो एकच मत देतो. मग निवडून आलेला म्हणतो, मोळीतली ही एक काठी बघा, तुम्ही हीच मागितली होती. विरोधकांचे म्हणणे असे की, ही काठी वेगळी काढून विचारा. काँग्रेसचे पुरुषोत्तम काकोडकर यांनीही दिल्लीत हाच आग्रह धरला. नेहरू १९६४ मध्ये वारले, लालबहादूर शास्त्री १९६६ च्या जानेवारीत गेले. निर्णय इंदिरा गांधींच्या काळात झाला. १९६६ च्या अखेरीस संसदेने खास कायदा केला. त्यात शब्द वापरला ‘जनमत कौल’, सार्वमत नव्हे. आपल्या घटनेत राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे, लोकांच्या थेट मताने सीमा ठरविण्याची तरतूद नाही, म्हणून ही सावधगिरी. कौल घ्यायचा, निर्णय आम्ही करू. पण घेतल्यावर तो कोण मोडणार?

वेगळे राहू म्हणणाऱ्यांनी अट घातली की, एका पक्षाचे सरकार गादीवर असताना कौल लावू नये. बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ च्या आरंभी राजीनामा दिला आणि कारभार केंद्राने हाती घेतला. सत्तेवर बसलेल्या मनुष्याने कौल निर्मळ व्हावा म्हणून खुर्चीवरून उठावे, हे मला त्या सगळ्या प्रकरणातले फार मोलाचे वाटते. आपण विलीनीकरणाच्या बाजूचे असू वा विरोधी, बांदोडकरांना याचे श्रेय दिले पाहिजे.

सभामंडपात कोणी बसायचे, यावरही वाद झाला. हजारो गोवेकर नोकरीधंद्यासाठी मुंबईत. कितीएक दर्यावर्दी, आचारी, वादक; गावोगावच्या ‘कूडां’त राहणारे, पण घर, शेत, देऊळ नाहीतर इगर्ज गोव्यात. त्यांना मत हवे, अशी मागणी झाली. ती मान्य झाली नाही. मत तिथे राहणाऱ्यांनाच. आणखी एक बाब. उत्तरे दोनच होती, फूल किंवा दोन पाने. ‘आमचे स्वतंत्र राज्य करा’ हे तिसरे उत्तर मतपत्रिकेवर नव्हते. वेगळे राहायचे म्हणजे दिल्लीच्या हाताखाली केंद्रशासित राहायचे, इतकाच त्याचा अर्थ. दमण आणि दीवच्या लोकांना याच वेळी गुजरातेबद्दल विचारले गेले.

फुलाच्या बाजूला काय होते? मुख्यतः आशा. पोर्तुगीज गेले तरी भाटकार गेला नव्हता. मुंडकार म्हणजे भाटकाराच्या जमिनीवर झोपडी बांधून राहणारा. मालकाची मर्जी फिरली की घर उठले. इकडे आपल्याकडे १९४८ चा कूळकायदा झालेला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरवून कुळाला जमिनीचा मालक मानले गेलेले. या कायद्यात पळवाटा किती होत्या आणि कोकणात खोतांशी झगडताना कुळांचे किती हाल झाले, ते आपण जाणतो. पण सीमेपलीकडून पाहणाऱ्याला तो दिवाच वाटला. महाराष्ट्रात गेलो तर कूळ सुटेल, आपल्या मुलाला मराठी शाळा मिळेल, नोकरी मिळेल. घरात देवाचे कीर्तन-भजन मराठीत, पोथी मराठीत, पत्र लिहायचे तर मराठीत. मग राज्यही मराठी का नको? हा विचार पेडणे-डिचोलीच्या कष्टकरी माणसाला अगदी सरळ वाटला. त्यात कमीपणाचे काही नाही. ‘गोमन्तक’ दैनिकाने हीच बाजू जोराने मांडली.

दोन पानांच्या बाजूला भीती होती, आणि अभिमानही. मोठ्या राज्यात एवढासा गोवा म्हणजे एक जिल्हा, मुंबईहून आलेल्या अधिकाऱ्याच्या सहीवर चालणारा. मुक्तीनंतर बाहेरून प्रतिनियुक्तीवर आलेल्या साहेबलोकांचा तोरा लोकांनी पाहिला होताच. शिवाय महाराष्ट्रात त्या काळी दारूबंदी! माडाची सूर काढणारा रेंदेर, काजूच्या बोंडूंची भट्टी लावणारा, त्यांच्या पोटाचा प्रश्न. आपल्याला शहरात बसून हे हसण्यावारी नेता येईल. पण ज्याच्या घरी चार महिन्यांची कमाई काजूच्या हंगामात होते, त्याला नाही. ख्रिस्ती समाजाला अल्पसंख्य होण्याची धास्ती होती. आणि याच्याही वर भाषा : कोकणी ही मराठीची बोली, की स्वतंत्र भाषा?

या वादात मजा अशी की, वेगळे राहू म्हणणाऱ्यांचे एक मोठे हत्यार मराठीतलेच होते. मडगावहून निघणारे ‘राष्ट्रमत’ हे दैनिक मराठी. चंद्रकांत केणी त्याचे संपादक, आणि उदय भेंब्रे ‘ब्रह्मास्त्र’ या सदरातून विलीनीकरणावर रोज बाण सोडायचे, तेही मराठीत. महाराष्ट्रात जाऊ नका, हे मराठी वाचणाऱ्या हिंदूला मराठीतून सांगितले जात होते! मराठी वाचता येणारा तो मराठी राज्यात येऊ इच्छिणारच, हे आपले इकडचे गणित किती कच्चे होते, ते याच एका गोष्टीवरून दिसते. पोथीची भाषा, बाजाराची भाषा आणि मनातली भाषा एकच असावी लागते असे थोडेच आहे? आपल्याच घरात पाहा. आपण शाळेत मराठी लिहितो, सभेत मराठी बोलतो, आणि पायाला ठेच लागली की तोंडातून मालवणी निघते.

आता आपल्या बाजूचेही थोडे बोलू. महाराष्ट्रात तेव्हा सगळ्या पक्षांची मंडळी विलीनीकरणासाठी एक झाली होती. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्याला फार वर्षे झाली नव्हती. शंभराहून अधिक हुतात्मे देऊन मुंबई मिळविलेली, बेळगाव-कारवार राहिलेले, मग गोवा तरी यावा, अशी भावना. ती खोटी नव्हती. परंतु पुढाऱ्यांच्या बोलण्यात एक सूर असा येई की, धाकटा भाऊ वेगळा राहिला आहे, त्याला घरी आणायचे आहे. धाकट्याला विचारायचे कशाला? पेडण्याकडून आपल्याकडे सून म्हणून आलेल्या एक वृद्ध काकी मी लहानपणी ऐकल्या आहेत. त्यांचे माहेरचे सारे घर फुलाचे. पण त्या एक वाक्य हटकून म्हणायच्या : आमच्या भावांनी फुलावर शिक्का मारला तो आपल्या कुळाच्या जमिनीसाठी, तुमच्या मुंबईच्या मंत्र्यासाठी नव्हे. आणि वर हसायच्या. मोळीतल्या काठ्या त्या माउलीला बरोबर ओळखता येत होत्या.

१६ जानेवारीला मतदान झाले. गोव्यात ३,८८,४३२ मतदार. त्यांपैकी ३,१७,६३३ जणांनी मत दिले. शंभरातले जवळजवळ ब्याऐंशी. दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ चा. गोवा महाराष्ट्रात आला नाही. दमण-दीवनेही गुजरातेला नकार दिला.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. हे आकडे फळ्यावर मांडा आणि मुलांना बाद मते किती ते काढायला सांगा. ७,२७२ निघतील. मग विचारा, बाद मत म्हणजे काय? गडबडीने चुकलेला हात, की दोन्ही उत्तरे नको असलेले मन? याचे उत्तर आकडा देत नाही, पण असा प्रश्न पडणे म्हणजेच इतिहास शिकणे. दुसरे गणित असे. त्या काळी गोव्याच्या सहा लाखांच्या आसपास लोकवस्तीत दहांतले सहा हिंदू. हिंदू म्हणजे फूल आणि ख्रिस्ती म्हणजे पाने, असे सरळ झाले असते तर फुलाचा विजय ठरलेला होता. तो झाला नाही, अर्थात हिंदूंतल्या पुष्कळांनी पाने पसंत केली. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या नव्या काबिजादींचा ओढा फुलाकडे राहिला. सासष्टीने पानांचा ढीग घातला. १७८८ साली जी रेघ सावंतवाडी आणि पणजी यांच्यामध्ये ओढली गेली होती, ती जणू मतपेटीतून वर आली. मात्र ती रेघ धर्माची नव्हे. इतिहास, जमीन आणि शेजार यांची होती.

आणि आता पाहा पुढचा चमत्कार. दोनच महिन्यांनी, मार्च १९६७ मध्ये, गोव्यात विधानसभेची निवडणूक झाली. निवडून कोण आले? तोच महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष! बांदोडकर एप्रिलमध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले आणि १९७३ मध्ये वारले तोपर्यंत राहिले. ज्या लोकांनी महाराष्ट्रात जायला नकार दिला, त्याच लोकांनी महाराष्ट्रवादी पक्षाला राज्य दिले. वरवर पाहणारा म्हणेल, लोक वेडे आहेत. मला तर वाटते, एवढे शहाणपण क्वचित दिसते. काठी वेगळी काढून विचारली तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवली, आणि बाकीची मोळी परत डोक्यावर घेतली. बांदोडकर हवेत, शाळा हव्यात, कुळाला जमीन हवी, पण पणजी पणजीतच हवी. १९६३ चा निकाल हाच विलीनीकरणाचा कौल, असे मानून दिल्लीने तेव्हा सही केली असती तर? मग लोकांनी जे मागितले नव्हते ते त्यांच्याच नावाने त्यांच्या गळ्यात पडले असते.

मुंडकारांना घरातून हुसकावण्यावर बंदी घालणारा कायदा गोव्याने १९७५ मध्ये केला, आणि कसणाऱ्याला जमिनीचा मालक करणारी दुरुस्ती १९७६ मध्ये. ज्या आशेने पेडण्याच्या माणसाने फुलावर शिक्का मारला, त्यातले पुष्कळसे वेगळे राहूनही हाती आले, जरा उशिरा. १९७५ मध्येच साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली. १९८७ मध्ये ती गोव्याची राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवून. आणि १९९२ मध्ये ती घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. ३० मे १९८७ रोजी गोवा राज्य झाले. म्हणजे जे तिसरे उत्तर १९६७ च्या मतपत्रिकेवर नव्हते, तेच वीस वर्षांनी खरे ठरले. १६ जानेवारी हा दिवस आता तिथे ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळतात. फुलाच्या बाजूला उभी राहिलेली घरे त्या दिवशी काय म्हणत असतील, असे कधीकधी माझ्या मनात येते. पावणेदोन लाखांच्या शेजारी पावणेचौदा अयुते माणसे होती, ती काही नाहीशी झाली नाहीत.

जगात अन्यत्र पाहिले तर न विचारण्याचीच रीत जास्त. हाँगकाँग इंग्रजांनी १९९७ मध्ये चीनच्या हवाली केले. करार १९८४ मध्येच दोन सरकारांनी केला होता, आणि तिथल्या लाखो लोकांच्या मतासाठी पेटी काही ठेवली गेली नाही. पोर्तुगीजांचीच दुसरी वसाहत पूर्व तिमोर. पोर्तुगीज गेले, १९७५ मध्ये इंडोनेशियाचे सैन्य शिरले, आणि लोकांना विचारायला १९९९ उजाडले. तेव्हा शंभरात अठ्ठ्याहत्तरांहून अधिक माणसांनी इंडोनेशियाला नको म्हटले, आणि त्यासाठी त्यांना घरेदारे जळताना पाहावी लागली. इतके दूर जायला नको. आपल्या बेळगावकडे पाहा. गोव्याचा कौल ठरला त्याच सुमारास, १९६६ मध्ये, तिथल्या सीमेसाठी महाजन आयोग नेमला गेला. आयोगाने कागद तपासले, साक्षी घेतल्या, अहवाल दिला. गावागावांत मतपेटी मात्र गेली नाही. आणि ते भांडण अजून न्यायालयात आहे. विचारले असते तर मिटले असते की नाही, कोण सांगणार? पण गोव्याचे मिटले, एवढे खरे. १९६७ नंतर विलीनीकरणाची चळवळ हळूहळू ओसरली, आणि ज्यांचा पराजय झाला त्यांनी तो मुकाट्याने मानला. मतपेटीसमोर आपणही उभे होतो, हे त्यांना नाकारता येत नव्हते.

गेल्या काही वर्षांतली एक गोष्ट सांगून थांबतो. गोव्याला लागून आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुका आहे. तिथली तरुण मुले रोज सकाळी मोटारसायकलींवरून गोव्यात कामाला जातात. दुखणे काढायचे तर गाडी गोव्याच्या सरकारी इस्पितळाकडे वळते. अशा काही गावांतून मध्यंतरी मागणी निघाली, ‘आम्हाला गोव्यात घ्या.’ ज्या महाराष्ट्राने एकदा गोव्याला आपल्यात बोलावले, त्याच महाराष्ट्राच्या कडेवरची ही गावे! मुंबईच्या वर्तमानपत्रांनी ही बातमी आतल्या पानावर छापली. वालावलच्या पारावर मात्र तिच्यावर बरीच चर्चा झाली. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, ‘त्येंका कोणी इचारल्यान तर सांगतीत मा!’ आणि विडीची राख झाडून ते देवळाकडे चालू लागले. त्यांच्या घरच्या एका वाटणीचा कौल त्या दिवशी लावायचा होता, आणि प्रश्न कोणी घालायचा यावरून भावांचे अजून जमले नव्हते.